शहर हिरवं होताना तालुक्यातल्या गॅरेजचं काय?

(शिरूर आणि दौंड इथल्या तरुणांच्या बैठकांत केलेल्या मांडणीचं एकत्रित शब्दांकन)



मला विषय दिलाय तो शहरांच्या कमी-कार्बन धोरणांचा. नाव ऐकून तुम्हाला वाटेल, हा पुण्या-मुंबईच्या साहेब लोकांचा विषय. मेट्रो त्यांची, ई-बस त्यांची, सोलरवर घरपट्टीतली सूट त्यांची. आपण शिरूर-दौंडची माणसं, आपला काय संबंध? तो संबंध माझ्या घरातूनच सांगतो. मी काही पर्यावरणाचा तज्ज्ञ नाही. आयटीआयमध्ये मुलांना शिकवतो आणि माझे अब्बा नगर रोडवर डिझेल मिस्त्री होते. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

अब्बांचं काम पंप-नोझलचं. जुन्या ट्रकचा डिझेल पंप खोलायचा, नोझलचं प्रेशर बघायचं, टायमिंग बसवायचं. गाडी शेडमध्ये यायच्या आधी, रस्त्यावर असतानाच ते आवाजावरून सांगायचे की तिसरा सिलिंडर मार खातोय. पुणे-नगर रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना त्यांचं नाव माहीत होतं. आम्हा चार भावंडांचं शिक्षण त्या पंपावर झालं.

१ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' बस पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला धावली. तारीख आणि रस्ता दोन्ही मुद्दाम निवडलेले होते. १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एसटी धावली ती याच दोन शहरांदरम्यान. म्हणजे पहिली एसटी शिरूरवरून गेली आणि पहिली विजेची एसटीही शिरूरवरूनच गेली. त्यानंतर काही दिवसांनी मी अब्बांना ती बस दाखवली. स्टँडवरून ती निघाली, वळली, निघून गेली. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये तो बोलतीच नै रे. मर्ज कैसा समझेंगा?" गाडी बोलतच नाही, तर तिचं दुखणं कळणार कसं?

आज जे काही सांगणार आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मी धुराच्या बाजूने बोलायला उभा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. अब्बांना कॅन्सर झाला नाही, अल्लाहची मेहेरबानी. पण पस्तीस वर्षं बंद शेडमध्ये तो धूर खाल्लेल्या माणसाचा पहाटेचा खोकला मी रोज ऐकतो. ज्यांनी धुरावर पोट भरलं, सगळ्यात जास्त धूर त्यांच्याच छातीत गेला. म्हणून धूर जायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की धूर जाताना बिल कोण भरणार.

दौंडकरांना हा प्रश्न नवा नाही. दौंड हे गावच इंजिनांनी मोठं केलेलं. १८७८ साली दौंड-मनमाड लाईन सुरू झाली आणि हे मोठं जंक्शन झालं. माझे नाना, आईचे वडील, इथे वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचा, हे त्यांचं काम. मग डिझेल आलं. १९९५ च्या अखेरीला देशातल्या ब्रॉडगेजवरून वाफेचं इंजिन नेहमीच्या सेवेतून गेलं. नानांच्या नोकरीचं काय झालं? त्यांना ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर डिझेल असिस्टंट केलं. पगार चालू, क्वार्टर चालू, पेन्शन चालू. नाना सांगायचे, "इंजिन बदललं, मस्टर बदललं नाही."

पण त्याच लोको शेडमध्ये ठेकेदाराची माणसं होती. कोळसा चढवणारी, भट्टीची राख काढणारी. नाना म्हणायचे, ती माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. कोणी त्यांना काढलं नाही, कारण कोणी त्यांना ठेवलेलंच नव्हतं. कोळसा संपला, काम संपलं.

एकाच शेडमध्ये एकच बदल झाला आणि दोन माणसांचं नशीब दोन प्रकारचं निघालं. फरक हुशारीचा नव्हता, मेहनतीचाही नव्हता. एकाचं नाव मस्टरवर होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

आता दिल्लीचं उदाहरण घ्या. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने प्रदूषण करणारे १६८ कारखाने दिल्लीत चालू ठेवायला मनाई केली. हवा स्वच्छ करायचा हेतू चांगलाच होता. कोर्टाने कामगारांच्या भरपाईचा आदेशही दिला. पण भरपाई मागायची तर आधी आपण कामगार होतो हे सिद्ध करावं लागतं. तिथेही मस्टर आडवं आलं.

२०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. म्हणजे कोळशाकडून विजेकडे जाताना कामगार वाऱ्यावर सोडायचा नाही. शब्द चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण कामगार म्हटलं की धोरण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खाणीतला, कारखान्यातला, पगारी कामगार येतो. स्वतःच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरं हाताशी घेऊन बसलेला मिस्त्री येत नाही. कारण तो मालकही नाही आणि नोकरही नाही.

आणि आपला समाज नेमका तिथे बसलाय. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. पगारी नोकरीत मुसलमानांचं प्रमाण कमी आणि स्वयंरोजगारात जास्त. आणि ज्या धंद्यांत ते जास्त दिसतात त्यांत किरकोळ व्यापार, जमिनीवरची वाहतूक आणि वाहन दुरुस्ती आहे. आकडे सोडा, इथे शिरूरच्या स्टँडपासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत चालत जा. पंक्चर कोण काढतो, बॅटरी कोण भरतो, रेडिएटर कोण डागतो, टेम्पो कोण चालवतो, भंगार कोण घेतो? त्यात आपली किती नावं आहेत ते मोजा. आता बघा, कमी-कार्बन धोरण पहिला हात कुठे घालतं? वाहनात, इंधनात आणि भंगारात. म्हणजे ज्या तीन खुर्च्यांवर आपण बसलोय, त्याच तीन खुर्च्या हलणार आहेत.

इथे आपल्यातले काही जण लगेच म्हणतात, "बघा, हे आपल्याविरुद्धच आहे." मी तसं मानत नाही. धोरण लिहिणाऱ्याच्या मनात आपण नव्हतोच, ना बाजूने ना विरुद्ध. आणि या खुर्च्यांवर आपल्या शेजारी मातंग, वडार, घिसाडी, मराठा, सगळ्यांचीच पोरं बसली आहेत. त्यांचंही तेच होणार आहे. म्हणून ही तक्रार एकट्याने करायची नाही.

आता हा बदल प्रत्यक्षात कसा घडतो ते जरा बारकाईने पाहू. तीन उदाहरणं देतो.

पहिलं इंजिनाच्या नियमांचं. भारत स्टेज चार म्हणजे बीएस-४ हा नियम १ एप्रिल २०१० ला देशातल्या तेरा शहरांत लागू झाला. त्यात पुणे होतं आणि सोलापूरही होतं. बाकीच्या देशाला तो लागू झाला १ एप्रिल २०१७ ला. आणि मग बीएस-५ गाळून थेट बीएस-६ आलं, १ एप्रिल २०२० ला. अब्बांच्या शेडमध्ये याचा अर्थ काय? जुना पंप पान्याने उघडायचा. नव्या इंजिनात कॉमन रेल आली, सेन्सर आले, छोटा कॉम्प्युटर आला. ते उघडायला पाना नाही, स्कॅनर लागतो. स्कॅनरची किंमत अब्बांच्या आठ महिन्यांच्या कमाईएवढी होती. भाईजानने कर्जासाठी एका बँकेत चार चकरा मारल्या. जागेचा उतारा आणा, तीन वर्षांचे रिटर्न आणा, जामीनदार सरकारी नोकर आणा. शेड भाड्याच्या जागेत, रिटर्न कधी भरलेलं नाही आणि सरकारी नोकर आमच्या सगळ्या खानदानात एक, तेही नाना, रिटायर झालेले. स्कॅनर आला नाही. २०१९ साली पंप-नोझलचं टेबल विकलं. आज तिथे भाईजान टायर आणि ऑइल बदलून देतो.

आता मला या गोष्टीत माझा स्वतःचाही दोष दिसतो. नियम पुण्यात २०१० ला आला, आपल्याकडे २०१७ ला. म्हणजे सात वर्षं आपल्याला आधी नोटीस मिळाली होती. सत्तर किलोमीटरवर भविष्य उभं होतं आणि आम्ही त्याच्याकडे बघत होतो. पुण्याची जुनी गाडी स्वस्तात तालुक्याला येत होती, म्हणून आमच्याकडे काम उलट वाढलं होतं. आम्हाला वाटलं, धंदा जोरात आहे. तो धंदा म्हणजे शहराने टाकून दिलेल्या गाड्यांचा शेवटचा पाऊस होता. शहराचं धोरण आधी तालुक्याला फायदा देतं आणि मग एका झटक्यात काढून घेतं. आज विजेच्या गाड्यांच्या बाबतीत आपण पुन्हा त्याच सात वर्षांत उभे आहोत. म्हणून ही बैठक.

दुसरं उदाहरण ई-बसचं. पुण्यात पीएमपीच्या ई-बस फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाल्या. राज्याने जुलै २०२१ मध्ये ईव्ही धोरण आणलं. त्यात लक्ष्य होतं की २०२५ पर्यंत नव्या नोंदणीतली दहा टक्के वाहनं विजेची असावीत आणि पुण्यासह सहा मोठ्या शहरांत सार्वजनिक वाहतुकीतली पंचवीस टक्के. २०२५ मध्ये नवं धोरण आलं. बस चांगली आहे, मी बसलोय. धूर नाही, धक्के कमी. पण ती विकत घेतलेली नाही. कंपनीची बस, कंपनीचा ड्रायव्हर, दुरुस्ती कंपनीची आणि महामंडळ किलोमीटरमागे पैसे देतं. एसटीने ५,१५० ई-बस घ्यायचं ठरवलं तेही असंच भाडेतत्त्वावर, आणि त्या ठरल्या वेगाने आल्याही नाहीत. यात महामंडळाचा एक फायदा आहे, एकदम भांडवल घालावं लागत नाही. पण एसटीच्या डेपोतल्या वर्कशॉपमध्ये जी पोरं ॲप्रेंटिस म्हणून शिकायची आणि मग बाहेर गॅरेज टाकायची, ती वाट बारीक होते. एसटीचा डेपो ही आपल्याकडची फुकट शाळा होती. तिथून शिकून बाहेर पडलेले मिस्त्री आजही या रस्त्यावर आहेत.

त्यात आणखी एक अडचण. विजेच्या गाडीचं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि चावी कंपनीकडे. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला की वॉरंटी जाते, असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. म्हणजे दुरुस्ती करण्याचा हक्क हा ग्राहकाचा हक्क आहे, हे तत्त्व मान्य झालंय. आपण हे फक्त ग्राहकाचं प्रकरण समजू नये. दुरुस्तीचा हक्क म्हणजे मिस्त्रीच्या रोजीचा हक्क.

तिसरं उदाहरण भंगाराचं. हे मला सगळ्यात विचित्र वाटतं. भंगारवाला म्हणजे पिढ्यान् पिढ्या रिसायकलिंग करणारा माणूस. तो शब्द त्याला माहीत नव्हता, एवढंच. आता २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आले, ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम एप्रिल २०२५ पासून. गाडी मोडायची तर नोंदणीकृत केंद्रातच. नियम गरजेचे आहेत. शिसं उघड्यावर वितळवणं, केबल जाळून तांबं काढणं, हे आपल्याच पोरांच्या रक्तात विष घालणं आहे आणि ते बंद व्हायला हवं. पण नोंदणीकृत केंद्राला जागा, मशीन, भांडवल लागतं. ते मोठ्या कंपनीकडे असतं. मग ज्याने आयुष्यभर भंगार वेगळं केलं, तो नव्या हिरव्या अर्थव्यवस्थेत 'अनधिकृत' ठरतो. काल कचरा उचलत होता, आज आरोपी.

याला उत्तर आहे का? आहे, आणि ते लांब नाही, पुण्यातच आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी होती. पण खरी ताकद कचरा वेचणाऱ्या बायकांची, त्यातल्या बहुतेक दलित. त्यांनी काय मागितलं? दया नाही मागितली. त्या म्हणाल्या, आम्ही शहराचा खर्च वाचवतो, तर आम्हाला ओळखपत्र द्या. ओळखपत्रं मिळाली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. घरोघरचा कचरा गोळा करायचं काम मोठ्या ठेकेदाराच्या गाडीला न देता त्यांच्याकडे आलं. त्या करारासाठी त्यांना पुन्हा पुन्हा भांडावं लागतं, हेही खरं. पण एवढं सिद्ध झालं की शहराचं हिरवं धोरण गरिबाला बाहेर टाकूनच करावं लागतं असं नाही. तो आधीच संघटित असेल आणि मोजलेला असेल तर त्याला आत घेऊनही करता येतं.

'मोजलेला' हा शब्द लक्षात ठेवा. शिरूर तालुक्यात गॅरेज किती, भंगारची दुकानं किती, रिक्षा आणि टेम्पोवाले किती, त्यांच्याकडे काम करणारी पोरं किती? ही यादी तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का? पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली, अठरा धंद्यांसाठी. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, न्हावी, शिंपी, सगळे आहेत, असायलाच हवेत. मोटार मिस्त्री नाही. यादीत नाव नसलं की योजनेत नाव नसतं.

आता शहर आणि तालुका यांच्या नात्याबद्दल थोडं. पुणे महापालिका सोलर किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय केली तर मिळकत करात सूट देते. रिक्षांना सीएनजी किट बसवायला तिने अनुदान दिलं होतं. चांगलं केलं. पण महापालिकेचा पैसा महापालिकेच्या हद्दीत. शिरूरचा रिक्षावाला त्या हद्दीबाहेर. धूर मात्र हद्द पाळत नाही. विजेचं बघा. राज्याची निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावर होते, चंद्रपूर, कोराडी, परळी. पुण्यातली बस धूर सोडत नाही, तिचा काही धूर परळीत निघतो. तरी विजेची बस एकूण बरी, कारण तारेतली वीज उद्या सूर्याची होऊ शकते, डिझेल कधीच होणार नाही. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचंही तसंच. शहराच्या टाकीत गेलेलं इथेनॉल आपल्या उसातून जातं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक मर्यादा घातली, तेव्हा कारखान्यांपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे हादरले. ज्या भीमा-घोडच्या पट्ट्यात पाण्यावरून भांडणं होतात, तिथे आणखी ऊस लावून शहराचा कार्बन कमी करायचा का, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आणि दौंडची गाडी. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर विजेच्या तारा आल्या. मार्च २०१७ मध्ये डेमू सुरू झाली. डेमू म्हणजे डिझेलवर चालणारी गाडी. वर वीज, खाली डिझेल. वर्षानुवर्षं दौंडकर त्या तारांकडे बघत डिझेलच्या गाडीतून पुण्याला कामाला गेले. उपनगरी लोकलची मागणी जुनी आहे. मला विचाराल तर या जिल्ह्यातलं सगळ्यात स्वस्त कमी-कार्बन धोरण म्हणजे दौंडला वेळेवर धावणारी, भरपूर फेऱ्यांची विजेची लोकल. जी पोरं आज मोटरसायकलवर हडपसरपर्यंत जातात आणि सोलापूर रोडवर जीव देतात, ती पोरं त्या गाडीत बसतील. नगर रोडला मेट्रो वाघोलीपर्यंत नेण्याला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. पुढे शिरूरपर्यंत उन्नत रस्त्याची चर्चा आहे. गाड्यांसाठी पूल बांधायला पैसा मिळतो, मग रांजणगाव एमआयडीसीच्या कामगाराला विजेची बस का मिळत नाही, हा प्रश्न विचारणं हे पर्यावरणाचंच काम आहे.

शेवटी, आपण करायचं काय? मी चारच कामं सांगतो. सगळी आपल्या हातातली.

एक, मोजणी. दहा-पंधरा पोरं-पोरी मिळून शिरूर आणि दौंडच्या गॅरेज, रिक्षा, टेम्पो, बॅटरी, भंगारवाल्यांची यादी करा. जात-धर्म न बघता सगळ्यांची. काय काम येतं, शिक्षण किती, काय शिकायचंय, जागा कोणाची. ती यादी नगर परिषदेत द्या, पंचायत समितीत द्या. राज्याच्या 'माझी वसुंधरा' अभियानात २०२० पासून नगर परिषदा हिरेरीने भाग घेतात, झाडं लावतात, भिंती रंगवतात. त्यांना सांगा, भिंतीबरोबर मिस्त्रीचाही विचार करा.

दोन, कागद. अब्बांचा स्कॅनर कागदावर अडला. उद्यम नोंदणी फुकट होते, आधारवर होते. जीएसटी नसलेल्या छोट्यांसाठी जानेवारी २०२३ पासून 'उद्यम असिस्ट' आहे. मुद्रा कर्ज दहा लाखांपर्यंत तारण न ठेवता आहे, आधीचं फेडलेल्यांसाठी पुढे वीस लाखांपर्यंत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. बँकवाला नाही म्हणेल, तर लेखी नकार मागा. एकट्या माणसाला चार चकरा मारायला लावतात. दहा जण फाइल घेऊन एकत्र गेले की खुर्ची पुढे करतात, हा माझा अनुभव आहे.

तीन, शिक्षण, आणि इथे मला आपल्या घरांशी थोडं भांडायचंय. आपण आठवीतल्या पोराला 'वर्कशॉपला टाकतो'. म्हणतो, हात चालायला लागला की पोट भरेल. अब्बांच्या काळात ते खरं होतं. आता आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा ट्रेड आहे, सोलर टेक्निशियनचा आहे, पण दारावर दहावी पासची पाटी आहे. आठवीतून काढलेल्या पोराला ते दार बंद. ज्यांनी शाळा सोडली त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्या, मुक्त विद्यालयातून द्या. पंचवीस वर्षांच्या मिस्त्रीला लाज वाटायचं कारण नाही. आणि ज्यांना काम येतं पण सर्टिफिकेट नाही, त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाला मान्यता देणारं छोटं प्रशिक्षण कौशल्य विकास योजनेत आहे. आम्ही शिकवणाऱ्यांनीही संध्याकाळची बॅच काढायला हवी. दिवसा गॅरेज बंद ठेवून शिकायला येणं कोणाला परवडतं?

चार, मुली. आपल्या घरांत आज बारावी सायन्स कोण करतंय? मुली. मुलगा गॅरेजमध्ये, मुलगी पुस्तकात. माझ्या धाकट्या बहिणीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. अब्बांनी तिला आयुष्यात कधी शेडमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. "तिथे ट्रकवाले येतात," म्हणायचे. मागच्या वर्षी भाईजानकडे एकाची विजेची स्कूटर आली, चालूच होईना. त्याने फोनवर तिला स्क्रीनवरचा कोड वाचून दाखवला. तिने विचारलं, "कंट्रोलरच्या कनेक्टरला ओल आहे का बघ." ओल होती. पुसलं, वाळवलं, स्कूटर सुरू. अब्बा खाटेवर बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला विचारलं, "तू आवाज न ऐकता कसं ओळखलंस?"

ती त्यांच्याजवळ बसली आणि मोबाइलवर सर्किट काढून दाखवायला लागली. अब्बांना सगळं समजलं नाही. पण मध्येच त्यांनी बोट ठेवून विचारलं, "इथून करंट कमी आला तर?" ती म्हणाली, "तर गाडी झटके देईल." अब्बा म्हणाले, "म्हणजे नोझल तुंबल्यासारखं." ती म्हणाली, "हो, अगदी तसंच."

मित्रहो, पस्तीस वर्षांचं ज्ञान असं वाया जात नाही. त्याला नवी भाषा शिकवावी लागते आणि ती शिकवणारी माणसं आपल्याच घरात आहेत. सरकारने करायचं ते सरकारकडून मागून घेऊ, भांडून घेऊ. पण यादी आपण करायची आहे. शिरूरची यादी या रविवारी सुरू करू, दौंडची त्याच्या पुढच्या रविवारी. वही मी आणली आहे. पहिलं नाव माझ्या भावाच्या गॅरेजचं लिहा. दुसरं कोणाचं ते आता तुम्ही सांगा.